टोपीवाला पुलावर हाय

कावळा काही केल्या पिंडाला शिवेना.

चाकूरच्या तळ्याकाठी ग्यानोबांचा दहावा चालला होता. कावळ्यांची टंचाई होती म्हणावं, तर तसंही नाही. समोरच्या बाभळीवर चांगले चार-पाच जण फांदी धरून बसले होते. भात होता, भातावर दही होतं, वर काळे तीळ होते. पण एकेक कावळा मान वाकडी करून बघे आणि चोच फांदीला पुसून पुन्हा आपल्या जागी बसे. ऊन डोक्यावर आलं. गुरुजींना आणखी एक दहावा उरकायचा होता, त्यामुळे त्यांचं निम्मं लक्ष मोटारसायकलीकडे होतं.

"काई तरी इच्छा ऱ्हायली बगा दाजींची," बालाजीमामा म्हणाले. हे ग्यानोबांचे धाकटे मेहुणे. कुठल्याही कार्याला सगळ्यांत आधी हजर, आणि पंगतीतून सगळ्यांत शेवटी उठणारे. आजही त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला तेलाचा हाताएवढा डाग होता.

एकुलता एक मुलगा अंगद हात जोडून पुढे झाला. नांदेडच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेत नोकरीला होता. "अण्णा," तो म्हणाला, "आईची फिकीर करू नका. मी तिला नांदेडला नेतो. गिरणी इकून टाकू. तिला बसल्या जागी सुखात ठेवतो." एका कावळ्याने हे नीट ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली.

मग जावई मृत्युंजय पुढे आले. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवत. त्यांनी सासऱ्यांच्या नावाने आंब्याची पाच झाडं लावायचं कबूल केलं. त्यावर दुसरा कावळा उडूनच गेला.

"दर्भाचा कावळा करावा का?" गुरुजींनी किल्ली हातात घेत विचारलं.

"थांबा, थांबा," मामा म्हणाले. "अंगद, त्या टोपीवाल्याचं बोलून बघ की!"

आता हा टोपीवाला कोण, ते सांगायला हवं. ग्यानोबांची पिठाची गिरणी होती. अंगद लहान असताना ते गिरणीचा दगड आणायला नांदेडला गेले आणि दगडाबरोबर एक व्हिडिओ गेम घेऊन आले. पोरासाठी आणला, असं घरात सांगितलं. पण पोराच्या हाती रिमोट क्वचितच लागला. गेमची कॅसेट पिवळी होती आणि तिच्यावर जपानी अक्षरं होती. ती वाचणारा माणूस लातूर जिल्ह्यात तरी कुणी भेटला नाही. गेमात गवती टोपी घातलेला एक बुटका माणूस हातात बांबू घेऊन डोंगर चढायचा. वाटेत त्याला एका पायावर उड्या मारणारी एकडोळी छत्री आडवी यायची, जीभ काढणारे कंदील यायचे, आणि एक भलामोठा बेडूक वाट अडवून बसायचा. त्या बेडकाला ग्यानोबा 'तलाठी' म्हणत, कारण समोर भाताचा गोळा ठेवल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही.

गिरणीच्या कोपऱ्यात जुना खोक्याचा टीव्ही होता. दळण घेऊन कुणी बाई आली की ग्यानोबा मान न वळवता म्हणत, "थांबा जरा वैनी, टोपीवाला पुलावर हाय." तो दोरीचा पूल. पाय पडला की फळी निसटायची, म्हणून थांबायची सोय नव्हती. पूल ओलांडून झाला की ग्यानोबा उठायचे आणि मोटर सुरू करायचे. मोटर सुरू झाली की टीव्हीचं चित्र आक्रसायचं आणि टोपीवाला थेट डोंगराच्या पायथ्याशी. त्याला मध्ये कुठे मुक्काम नव्हता; पडला किंवा लाइट गेली की पहिल्यापासून सुरुवात. इतक्या वर्षांत ग्यानोबांचा गेम पुरा झाला नाही तो ह्या दळणापायी, असं सगळा गाव समजून होता.

आणि ग्यानोबा गेलेही तिथेच. शेजारच्या धम्मप्रिया ज्वारीचा डबा घेऊन आल्या तेव्हा ते रिमोट हातात धरून, मान किंचित पुढे करून बसलेले होते. टोपीवाला पुलाच्या तोंडाशी उभा होता. धम्मप्रियांना वाटलं, पुलावर आहेत, थांबावं. त्या थांबल्या. पदराने वारा घेतला, पाखडलेली ज्वारी पुन्हा एकदा निवडली. मग म्हणाल्या, "काका, आज हलंना का तुमचा टोपीवाला?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

तर मामांनी आठवण करून दिली आणि अंगद पुन्हा पुढे झाला. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. "अण्णा," तो म्हणाला, "तुमचा तो टोपीवाल्याचा गेम मी पुरा करतो. वचन देतो."

फडफड झाली. अंगदने डोळे उघडले तर पिंडावर एक सोडून तीन कावळे!

"शिवला! शिवला!" मामा ओरडले आणि हात धोतराला पुसू लागले. गुरुजींची मोटारसायकल तोवर सुरू झालीसुद्धा होती.

घरी आल्यावर अंगदने आईला सगळं सांगितलं. रुक्मिणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"काय म्हणलास तू? पुन्ना सांग."

"गेम पुरा करतो म्हणलो."

"कोणता?"

"टोपीवाल्याचा. अण्णाचा."

"मग कर बापा. मेलेल्या मानसाला दिलेलं वचन हाय. ते पुरं हुईस्तोवर गिरणी इकायची न्हाई, आन मी ह्या उंबऱ्याभायेर पाय टाकायची न्हाई."

 अंगदने तर सगळी आखणी करून ठेवली होती. चौदाव्या दिवशी उदगीरचा एक माणूस टेम्पो घेऊन गिरणी न्यायला येणार होता. त्याच दिवशी आईचं सामान नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर जाणार होतं. तो काही आईचा वैरी नव्हता. बाप समोर मरून पडला आणि ते कळायला दळणाला आलेली शेजारीण लागली, हे त्याच्या काळजात रुतून बसलं होतं. आईला साखरेची बिमारी. ती इथे एकटी राहिली तर तिचंही असंच होणार, ह्या भीतीने त्याची झोप उडाली होती. आता मात्र मध्ये हा टोपीवाला बांबू घेऊन उभा होता.

"एका दिवसात उडवतो," असं म्हणून तो गिरणीत गेला. कॅसेटमध्ये फुंकर मारली तर निम्मं गव्हाचं पीठ त्याच्याच डोळ्यांत गेलं. रिमोटचं डावीकडचं बटण दबून बसलेलं. ग्यानोबांनी तिथे काडेपेटीची काडी खोचली होती. टोपीवाला उभा राहिला, छत्रीने उडी मारली, आणि टोपीवाला मेला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा मेला. संध्याकाळपर्यंत अंगद पुलाशी पोहोचला आणि पहिल्याच फळीवरून खाली गेला. गेमने बारीकशी रडकी धून वाजवली.

ती धून त्याने लहानपणी हजारदा ऐकली होती. शाळेचा अभ्यास करताना ती भिंतीपलीकडून यायची आणि पाठोपाठ अण्णांचा आवाज यायचा, "गेला बिचारा!" आज नुसती धून आली. अंगदला रडू कोसळलं ते इथे. स्मशानात कोसळलं नव्हतं.

"असं रडून पेपर सुटत न्हाई," मागून मृत्युंजय म्हणाले. "आपण लातूर पॅटर्न लावू."

मृत्युंजयरावांनी हाती घेतलेलं काम कधी साधेपणाने केलं नाही. त्यांनी भिंतीवरचं पीठ झटकून तिथे मोठा तक्ता चिकटवला. सकाळी छत्रीचा सराव, मग कंदील, जेवणानंतर पुलाची उजळणी, संध्याकाळी पूर्ण अभ्यासक्रमावर चाचणी. "पूल कंपल्सरी प्रश्न हाय," ते काडी हातात घेऊन समजावत. "तलाठ्यापाशी वेळ घालवायचा न्हाई. गोळा ठेव, पुढं हो. छत्रीला निगेटिव्ह मार्किंग हाय, हे ध्यानात ठेव. कुठं चुकलास?"

"उडी उशिरा मारली, भाऊजी."

"का उशिरा मारली?"

"घाबरलो."

"घाबरणारे डॉक्टर होत न्हाईत!" मृत्युंजय म्हणाले. ते सवयीने तोंडून निघून गेलं.

अशा तालमीत अंगद सुधारला. पूल पार व्हायला लागला. पण तोवर गिरणीच्या दारात बायका जमू लागल्या होत्या. सगळ्यांत पुढे धम्मप्रिया, डबा कमरेवर घेऊन.

"मी काई कावळ्या-बिवळ्याचं मानत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला माझ्या दळणाचं सांग. बाजारचं पुडीतलं पीठ खाऊन खाऊन घरात सगळे परेशान होऊन राह्यलेत. भाकर थापावं तर चिरून जातीय."

"गेम झाल्याबिगर काई करता येत न्हाई, वैनी."

"आन झाल्यावर?"

"झाल्यावर गिरणी इकायची हाय. आईला नांदेडला नेतो."

धम्मप्रियांनी डबा खाली ठेवला. "म्हंजे तू जिंकलास की आमचं दळण कायमचं बंद? मंग दळायला आमी चाकूरभर हिंडावं? वा रं पठ्ठ्या! मंग हर की!"

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका रोज येऊन बसायला लागल्या. सुतकाच्या घरी बसायला आलोत असं म्हणायच्या. डोळे सगळे टीव्हीवर. टोपीवाला पडला की सगळ्याजणी मिळून "अरेरे" म्हणायच्या आणि समाधानाने घरोघर जायच्या. एकदा अंगद पूल ओलांडून बेडकापर्यंत पोहोचला तर एका म्हातारीने मोठ्याने देवाचा धावा केला, आणि त्याच क्षणी लाइट गेली. म्हातारीच्या पाया पडायला दोघीजणी वाकल्या. मृत्युंजय दात-ओठ खात लातूरला गेले आणि इन्व्हर्टर घेऊन आले.

ह्या सगळ्या गोंधळात रुक्मिणबाई तेवढ्या शांत होत्या. नवरा गेलेली बाई, गिरणी जायची वेळ, घर सुटायची वेळ, पण त्या वेळेवर चहा आणून द्यायच्या, "कुठवर आला रं?" म्हणून विचारायच्या, आणि उत्तर ऐकून "येईल, येईल" म्हणत आत जायच्या. अंगदला वाटलं, आईने मनाची तयारी केली. त्याला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

तेराव्याचं गोड जेवण झालं. पाहुणे पांगले. मामा अंगणात बाजेवर आडवे झाले. आता उदगीरचा टेम्पो यायला एका सकाळचाच अवकाश होता. अंगदने कॅसेट फुंकली, काडी खोचली आणि बसला. मागे मृत्युंजय, दारात बायका.

छत्री गेली. कंदील गेले. पुलाच्या फळ्या टोपीवाल्याच्या पायाखालून निसटत गेल्या, पण तो थांबला नाही. बेडकाला गोळा मिळाला आणि तो बाजूला झाला. पुढे धुकं होतं, धुक्यात पायऱ्या होत्या. इथवर कुणीच कधी आलेलं नव्हतं, असं निदान सगळे समजत होते.  धम्मप्रियांनी डबा छातीशी धरला. पायऱ्या संपल्या, डोंगराच्या माथ्यावर तांबडा दरवाजा दिसला. अंगदचा अंगठा सोलून निघाला होता. टोपीवाल्याने बांबूने दार ढकललं. दार उघडलं.

पडदा काळा झाला. मृत्युंजय उठून उभे राहिले. आणि टीव्हीवर पुन्हा डोंगराचा पायथा आला. टोपी सारखी करून टोपीवाला उभा होता, समोर एकडोळी छत्री.

"हे काय?" अंगद म्हणाला. "मी मेलो का?"

"न्हाई. पास झालास. पण रिझल्ट लागंना," मृत्युंजय म्हणाले. त्यांनी मोबाइलवर बराच वेळ शोधाशोध केली. पिवळ्या कॅसेटचा फोटो कुठल्या तरी जपानी माणसाच्या पानावर सापडला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मूळ गेमात दरवाजाच्या पल्याड अजून एक भाग हाय. टोपीवाला घरी पोचतो, आन गेम संपतो. ही कॅसेट डुप्लिकेट हाय. शेवट कापलाय. म्हंजे जन्मभर खेळलं तरी हे संपणार न्हाई."

बायका उठल्या. आनंद दाखवणं बरं दिसलं नसतं म्हणून कुणी काही बोललं नाही, पण म्हातारीला हसू आवरेना.

"मी लॅपटॉपवर मूळ गेम उतरवून देतो," मृत्युंजय म्हणाले. "त्याच्यावर पुरा कर. हाय काय आन न्हाई काय."

"ते कसं चालंल, जावईबापू?" दारातून रुक्मिणबाईंचा आवाज आला. चहा घेऊन त्या कधीच्या उभ्या होत्या. "वचन अण्णाच्या गेमाचं दिलंय. कावळ्याला लॅपटॉपचं कुटं सांगितलं व्हतं?"

 मृत्युंजयांनी चहा घेतला आणि ते भिंतीवरचा तक्ता उतरवायला लागले.

अंगद आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. आई पातेली घासायला बसली होती. तो समोर बसला.

"आई, ते संपतच न्हाई. दार उघडलं की पुन्ना पहिल्यापासून."

"म्हाईत हाय मला."

"तुला कसं म्हाईत?"

"मोटर जळली व्हती एकदा. लातूरला दुरुस्तीला दिली व्हती. दळण बंद. तवा बसले की तुझे अण्णा ठाण मांडून. सांजच्याला आत आले, पानी पिले, म्हणले, 'रुक्मिन, दार उघडलं, आन म्या पुन्ना खालीच.' मी म्हणलं, मंग फेकून द्या ते डबडं. तर म्हणले, 'कामून? दळन कदी संपतंय का? आज दळून दिलं तरी परवा डबा घेऊन येतेतच की.'"

 अंगदच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. मामांनीच आठवण करून दिली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तो तेलाचा डाग.

"मामाच्या खिशात काय व्हतं?"

रुक्मिणबाईंनी पातेलं पालथं घातलं. "कांद्याची भजी. मीच दिली व्हती बांधून. अण्णाला लई आवडायची. कावळ्यालाबी आवडतेत."

"म्हंजे तू मला फसवलंस!"

"आन तू?" आता मात्र तिचा आवाज फाटला. "उदगीरच्या मानसाला हाव म्हणलास, मला इचारलास का? मी काय गिरनीचा दगड हाय, टेम्पोत घालून न्यायला? तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसू कुनाकडं बघत? हितं दिवसात ईस बाया 'काकू, दळन झालं का' म्हून हाका मारतेत. ती हाक बंद झाली की मी मेले बघ, साखरंची वाट कशाला बघू?"

"पण तुला काई झालं तर, आई? अण्णासारखं? मला कोण सांगणार?" अंगद लहान पोरासारखा हुंदका देऊन रडला. आईने राखेचा हात मागे धरून कोपराने त्याचं डोकं जवळ घेतलं.

"मी सांगते की," दारात धम्मप्रिया होत्या. डबा घेऊनच आल्या होत्या. त्यांचेही डोळे भरून आले होते. "त्या दिवशी मी वाट बघत उभी ऱ्हायले, अंगद. माझ्या जिवाला ते लागून ऱ्हायलंय. आता न्हाई उभी ऱ्हानार. टोपीवाला जागचा हलला न्हाई, की आधी काकूचा खांदा हलवीन."

सकाळी उदगीरचा माणूस टेम्पो घेऊन आला. अंगद त्याला म्हणाला, "वडिलांचं एक काम ऱ्हायलंय. ते झालं की कळवतो." माणूस भला होता, वडिलांचं काम म्हटल्यावर त्याने पुढे विचारलं नाही. टेम्पो रिकामा जाऊ नये म्हणून बालाजीमामा त्याच्यात बसून आपल्या गावी गेले.

आता गिरणी आई चालवते आणि अंगद रोज संध्याकाळी नांदेडहून फोन करतो. औषध घेतलंस का, जेवलीस का, सगळं विचारून झालं की शेवटी म्हणतो, "आई, किती पुढं गेलीस? येतीस कधी?"

कधी पलीकडून मोटरची घरघर येते, कधी ती बारीकशी रडकी धून, आणि पाठोपाठ आईचा आवाज, "गेला बिचारा!" मग ती फोनवर म्हणते, "येते की बापा. वचन पुरं हुंदे. आत्ता ठेव फोन, टोपीवाला पुलावर हाय."